जमशेदपूर : आठ तास पोलादाचे, सोळा तास माणसांचे

मुंबईहून हावड्याला निघालेली गीतांजली एक्स्प्रेस नागपूर, दुर्ग, रायपूर, बिलासपूर ही स्टेशने मागे टाकत पूर्वेकडे धावत राहते. राउरकेला गेले की दोन्ही बाजूंना सालवृक्षांचे जंगल आणि लालसर माती दिसू लागते. चक्रधरपूरनंतर मालगाड्यांची वर्दळ वाढते. कुठे लोहखनिजाने भरलेल्या वाघिणी उभ्या असतात, तर कुठे कोळशाच्या. सुमारे सतराशे किलोमीटरचा प्रवास झाल्यावर जे स्टेशन येते, त्याचे नाव टाटानगर. बाहेर पडून रिक्षात बसावे, तर शहराचे नाव मात्र जमशेदपूर! एकाच माणसाचे आडनाव स्टेशनला आणि नाव शहराला मिळाल्याचे असे उदाहरण विरळाच. पहिल्या महायुद्धात येथल्या पोलादाने केलेल्या मदतीची पोचपावती म्हणून १९१९ च्या जानेवारीत व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांनी ही दोन्ही नावे दिली. त्याआधी स्टेशन होते कालीमाटी आणि गाव होते साकची.

पर्यटनाच्या रूढ कल्पनेत जमशेदपूर सहसा बसत नाही. येथे ना प्राचीन लेणी, ना समुद्रकिनारा, ना थंड हवेची माळरानं. येथे आहे एक अवाढव्य पोलाद कारखाना आणि त्याच्याभोवती वसलेले शहर. तरीही एक प्रश्न मनात घेऊन येणाऱ्याला हे शहर बरेच काही सांगून जाते. माणसाने दिवसाचे किती तास काम करावे? जास्त तास राबणारा जास्त काम करतो का? आणि कमी वेळात जास्त काम झाले, तर वाचलेला वेळ कोणाचा? कारखान्यात, कचेरीत आणि स्वयंपाकघरातही आज ‘उत्पादकता’ हा शब्द ऐकू येतो. आपल्या देशात त्याचा अर्थ जेथे शंभराहून अधिक वर्षे रोज तपासला गेला, असे हे गाव आहे.

चांद्यापासून साकचीपर्यंत

जमशेदपूरची कथा सुरू होते ती महाराष्ट्रात. चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर परिसरातील लोहखनिजाविषयीचा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल १८८२ मध्ये जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. तेथील लोहाऱ्याचे खनिज उत्तम होते. पण जवळच्या वरोऱ्याचा कोळसा पोलादासाठी उपयोगी ठरेना. शिवाय सरकारी नियमही आडवे आले. स्वप्न मागे पडले, पण विझले नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोध पुन्हा सुरू झाला, तो दुर्ग जिल्ह्यातील डल्ली-राजहराच्या डोंगरांपर्यंत पोहोचला. (याच डोंगरांतील खनिजावर पुढे भिलाईचा कारखाना उभा राहिला.) अखेर १९०४ च्या फेब्रुवारीत भूगर्भतज्ज्ञ प्रमथनाथ बोस यांचे पत्र आले. मयूरभंज संस्थानातील गोरुमहिषाणीच्या डोंगरात भरपूर खनिज असल्याचे त्यांनी त्यात कळवले होते. त्याच वर्षी मे महिन्यात जर्मनीत जमशेटजींचे निधन झाले. कारखाना त्यांनी पाहिला नाही, शहरही पाहिले नाही.

पुढचे काम त्यांचे चिरंजीव दोराबजी आणि सहकाऱ्यांनी केले. १९०७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत कंपनीची नोंदणी झाली. स्वदेशीचे वारे वाहत होते. लागणारे सारे भांडवल तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार भारतीयांनी भरले. सुवर्णरेखा आणि खरकाई या नद्यांच्या संगमाजवळ, साकची या आदिवासी गावाच्या परिसरात १९०८ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि १६ फेब्रुवारी १९१२ रोजी पोलादाची पहिली लाट तयार झाली. योगायोग असा, की भारतात १९५८ साली राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली आणि १२ ते १८ फेब्रुवारी हा ‘उत्पादकता सप्ताह’ पाळला जाऊ लागला. त्याच सप्ताहात या पोलादाचा वाढदिवस येतो!

नागपूरने दिलेला धडा

साकचीत काय घडले ते समजायचे, तर रेल्वेच्या याच मार्गावर थोडे मागे, नागपूरला उतरावे लागेल. तेथे १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजींची एम्प्रेस मिल सुरू झाली होती. कापूस हाताशी होता, यंत्रे नवी होती; पण कामगार रोज येत नसत. ते आळशी होते म्हणून नव्हे. शेतीच्या हंगामाप्रमाणे चालणाऱ्या माणसाला रोज ठरावीक वेळी ठरावीक जागी उभे राहायचे, ही कल्पनाच परकी होती. सण आला, लग्न आले, कापणी आली, की तो गावी जाई. महिन्याचे भागले, की पुढचे चार दिवस त्याला गिरणीची गरजही वाटत नसे.

अशा वेळी मालकांचा हमखास उपाय म्हणजे दंड. दिवस चुकला की पैसे काप! एम्प्रेस मिलमध्ये मात्र व्यवस्थापक बेझनजी मेहता यांच्या साथीने वेगळा मार्ग धरला गेला. नियमित येणाऱ्यांना बक्षिसे सुरू झाली. बक्षीस समारंभ, खेळांचे सामने होऊ लागले. गिरणीतील हवा खेळती आणि दमट ठेवण्याची सोय झाली, तशीच आग विझवण्याचीही. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी निघाला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई मिळू लागली. कायद्याने यातले काहीच बंधनकारक नव्हते.

यात परोपकार होता, तसा हिशेबही होता. कामगार टिकला, तर त्याचा हात बसतो. हात बसला, की धागा कमी तुटतो आणि कापड चांगले निघते. माणसाला पिळून एका दिवसाचे काम वाढवता येते. दहा वर्षांचे नाही. नागपूरने दिलेला हा धडा साकचीला उपयोगी पडला. आज एम्प्रेस मिल राहिलेली नाही. १९८६ मध्ये ती राज्य सरकारच्या महामंडळाकडे गेली आणि पुढे बंद पडली. धडा मात्र जुना झालेला नाही.

बाराचे आठ कसे झाले?

पोलादाचा कारखाना कापडगिरणीसारखा रात्री कुलूप लावून बंद करता येत नाही. झोतभट्टी एकदा पेटली, की ती वर्षानुवर्षे धगधगत ठेवावी लागते. वरून खनिज, कोक आणि चुनखडी टाकत राहायचे आणि खालून ठरावीक वेळाने वितळलेले लोखंड काढून घ्यायचे. हे चक्र थांबले, तर आतला रस गोठतो आणि भट्टीच निकामी होऊ शकते. म्हणजे चोवीस तास माणसे हवीत. चोवीस तास वाटायचे दोन सोपे मार्ग : बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या किंवा आठ-आठ तासांच्या तीन.

दोन पाळ्यांत माणसे कमी लागतात, म्हणून जगभरचे कारखानदार बारा तासांकडे झुकत. ज्या अमेरिकेतून साकचीला अभियंते आणि आराखडे आले, तेथील सर्वांत मोठ्या पोलाद कंपनीने बारा तासांचा दिवस १९२३ मध्ये सोडला. आपल्याकडे १९११ च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली, तेव्हा तीच मोठी सुधारणा वाटली होती. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांना कित्येक वर्षे झगडावे लागले. ती मिळाली १८९० मध्ये. या पार्श्वभूमीवर साकचीच्या कारखान्याने १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस ठरवला, ही घटना पाहायला हवी. देशात आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांचा कायदा व्हायला चाळीसचे दशक उजाडले.

मग एक एक गोष्ट जोडली गेली. मोफत औषधोपचार १९१५ मध्ये आणि कामगारांच्या मुलांसाठी शाळा १९१७ मध्ये. पगारी रजा आणि भविष्य निर्वाह निधी १९२० मध्ये. भविष्य निधीचा देशव्यापी कायदा झाला १९५२ मध्ये. प्रसूती लाभ १९२८ मध्ये, केंद्रीय कायदा १९६१ मध्ये. नफ्यातील वाटा म्हणून बोनस १९३४ मध्ये, कायदा १९६५ मध्ये. ग्रॅच्युइटी १९३७ मध्ये, कायदा १९७२ मध्ये. आज देशातील कोणत्याही नोकरदाराच्या पगारपत्रकावर जे रकाने दिसतात, त्यांपैकी बरेच या गावात आधी आखले गेले आहेत.

आठ तासांचा हिशेब सरळ आहे. वितळलेल्या लोखंडाचे तापमान असते सुमारे पंधराशे अंश. त्याच्यासमोर दहाव्या, अकराव्या तासाला उभ्या असलेल्या माणसाची डुलकी म्हणजे नुसते उत्पादनाचे नुकसान नव्हे, तर अपघात. थकलेला माणूस घड्याळात बारा तास भरतो, कामात भरत नाही.

भोंग्यावर चालणारे शहर

सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा. येथल्या लोकांच्या बोलण्यात वेळेचे हे तीन टप्पे सतत येतात. ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ या तीन पाळ्या. कारखान्याचा भोंगा वाजला, की पिढ्यान्‌पिढ्या येथे चुली पेटल्या, डबे भरले गेले आणि मुले झोपेतून उठली. लग्न ठरवतानाही ‘त्या आठवड्यात कोणती पाळी आहे?’ हे पाहिले जाते. शेजारघरी दिवसा पडदे ओढलेले दिसले, की मुले आपोआप हळू बोलतात. आत कोणीतरी रात्रपाळी करून झोपलेले असते.

पाळी सुटण्याच्या सुमारास बिष्टुपूर किंवा साकचीच्या बाजारात उभे राहावे. थोड्याच वेळात रस्ते दुचाक्यांनी भरतात. हेल्मेट, निळसर गणवेश, पाठीला डबा. तासाभरात गर्दी ओसरते. कोपऱ्यावरच्या गाडीवर लिट्टी-चोखा किंवा घुगनी खात दोन-चार जण गप्पा मारत राहतात. हिंदी, बंगाली, उडिया, भोजपुरी, संथाळी, तेलुगू, पंजाबी, गुजराती अशा भाषा एकाच चौकात कानांवर पडतात. शंभर वर्षांत देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे पोटासाठी आली आणि येथलीच झाली. त्यात मराठी कुटुंबेही आहेत.

शहराची आखणी पाहण्याजोगी आहे. कारखान्याची जागाही ठरली नव्हती, तेव्हाच १९०२ मध्ये जमशेटजींनी दोराबजींना एक पत्र लिहिले होते. रस्ते रुंद असावेत, त्यांच्या कडेने झपाट्याने वाढणारी सावलीची झाडे असावीत, बागा आणि हिरवळींना भरपूर जागा असावी, फुटबॉल-हॉकीसाठी मैदाने राखावीत आणि मंदिर, मशीद, चर्च यांच्यासाठीही जागा ठेवावी, असा त्याचा मथितार्थ. पत्रात भट्ट्यांपेक्षा झाडांची काळजी अधिक! पुढे केनेडी, टेंपल, स्टोक्स आणि ऑटो कोनिग्सबर्गर या नगररचनाकारांनी टप्प्याटप्प्याने आराखडे केले. शहराच्या मुख्य भागात पाणी, वीज आणि सफाईची व्यवस्था आजही कंपनीची उपकंपनी पाहते. सुवर्णरेखेचा पूल ओलांडून मानगोकडे गेले, की मात्र चित्र बदलते. गल्ल्या अरुंद होतात, घरे एकमेकांना खेटतात. आखीव शहर आणि आपोआप वाढलेले शहर यांतले अंतर येथे एका पुलाएवढे आहे.

विश्रांतीचीही जागा हवी

जमशेदपूरला गेलेला माणूस ज्युबिली पार्क पाहिल्यावाचून परतत नाही. कंपनीला पन्नास वर्षे झाली, तेव्हा शहराला भेट म्हणून ही बाग देण्यात आली. १९५८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर आखलेली ही बाग दोनशे एकरांहून मोठी आहे. कारंजी, गुलाबांचे ताटवे, जयंती सरोवर आणि शेजारचे प्राणिसंग्रहालय असे सारे मिळून अर्धा दिवस सहज जातो. दरवर्षी ३ मार्चला, जमशेटजींच्या जयंतीला, या बागेत जी रोषणाई होते, ती पाहण्यासाठी आसपासच्या गावांतून कुटुंबेच्या कुटुंबे लोटतात.

या बागेचे स्थान लक्षात घेण्यासारखे आहे. ती शहराच्या टोकाला, उरलेल्या जागेत केलेली नाही. कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर, शहराच्या मधोमध आहे. सकाळची पाळी करून आलेला कामगार जेवून, झोप काढून संध्याकाळी मुलांना घेऊन येथे येऊ शकतो. आठ तासांच्या दिवसाला अशी संध्याकाळ जोडली नसती, तर त्या आठ तासांचा उपयोग काय?

मैदानांचेही तसेच. कीनन स्टेडियम आणि जे.आर.डी. टाटा क्रीडा संकुल यांमुळे फुटबॉल, क्रिकेट, तिरंदाजी, अ‍ॅथलेटिक्स यांची येथे परंपरा निर्माण झाली. एव्हरेस्टवर पोहोचणाऱ्या पहिल्या भारतीय महिला बचेंद्री पाल यांनी १९८४ च्या आपल्या चढाईनंतर याच गावात राहून कंपनीच्या साहस प्रतिष्ठानाची धुरा अनेक वर्षे सांभाळली. ‘आम्ही पोलादही बनवतो’ अशा अर्थाची या कंपनीची एक जाहिरात त्या काळात गाजली होती. सर्व खेळ, शाळा, रुग्णालये दाखवून झाल्यावर शेवटी हे वाक्य येई. जाहिरात ती जाहिरातच. पण या गावात हिंडताना तिचा अर्थ कळतो.

सारेच दान नव्हते

मात्र हे सर्व मालकांच्या उदारपणातूनच आले, असे मानणे चुकीचे ठरेल. १९२० आणि १९२२ मध्ये येथे मोठे संप झाले. १९२० च्या संपातूनच कामगार संघटना जन्माला आली. १९२५ मध्ये महात्मा गांधी येथे आले आणि भांडवल व श्रम यांच्या सलोख्याविषयी बोलले. तरीही तीन वर्षांनी, १९२८ मध्ये, कित्येक महिने चाललेला संप झाला. त्यामागचे एक मोठे कारण आजच्या वाचकालाही ओळखीचे वाटेल. कमी माणसांत तेवढेच काम करून घ्यायचे, म्हणून कामगारकपात! त्या संपात सुभाषचंद्र बोस जमशेदपूरला आले, त्यांनी वाटाघाटी केल्या आणि पुढे काही वर्षे ते या संघटनेचे अध्यक्ष होते.

म्हणजे ‘उत्पादकता’ या शब्दाची दुसरी बाजूही या गावाने लवकरच पाहिली. कागदावर ती साधा भागाकार असते : तयार माल भागिले माणसे. भागाकाराचे उत्तर दोन प्रकारे वाढते. माल वाढवा किंवा माणसे कमी करा. पहिल्या प्रकारात सर्वांना समाधान असते. दुसऱ्या प्रकारात कोणाच्या तरी घरची चूल विझते.

या कोंडीतून वाट काढणारा एक करार १९५६ मध्ये झाला. कारखान्याचा विस्तार होत होता, नवी यंत्रे येत होती. संघटनेने नव्या पद्धतींना विरोध करायचा नाही. कंपनीने त्यांच्यापायी असलेल्या कामगारांना काढायचे नाही, त्यांना दुसऱ्या कामात सामावून घ्यायचे, हे त्याचे सूत्र. त्याबरोबर विभागापासून वरपर्यंत संयुक्त समित्या स्थापन झाल्या. भट्टीजवळ उभा राहणारा माणूस आणि कचेरीतला अधिकारी एका टेबलाशी बसून काम कसे सुधारेल, यावर बोलू लागले. भट्टीचे दार कुठे अडकते, हे आराखड्यापेक्षा ते रोज उघडणाऱ्याला अधिक ठाऊक असते, एवढा साधा विचार त्यामागे होता.

माणसे कमी, पोलाद जास्त

१९९१ नंतर देशाची बाजारपेठ खुली झाली आणि जगातील कंपन्यांशी सामना सुरू झाला. तेव्हा कारखाना आणि खाणी मिळून कंपनीत सत्तर हजारांहून अधिक माणसे होती. परदेशातील कारखाने याहून कितीतरी कमी माणसांत याहून अधिक पोलाद काढत होते. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जुन्या भट्ट्या गेल्या, नव्या आल्या, संगणक आले. माणसांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली आणि पोलाद दुपटीहून अधिक झाले. २००८ मध्ये गुणवत्तेसाठीचे जपानचे डेमिंग पारितोषिक कंपनीला मिळाले. ज्या कारखान्याची सुरुवात वर्षाला सुमारे एक लाख टनांनी झाली, त्याची क्षमता आज एक कोटी टनांच्या घरात आहे.

निम्मी माणसे कोठे गेली? अनेकांनी मुदतपूर्व निवृत्तीची योजना स्वीकारली. निवृत्तीचे वय होईपर्यंत दरमहा ठरलेली रक्कम घरी मिळेल, अशी ती योजना होती. १९२८ च्या कपातीशी तुलना केली, तर फरक मोठा आहे. तरीही पैशांत न मोजता येणारा एक प्रश्न राहिलाच. पंचवीस वर्षे सहाच्या भोंग्याला दारात असणाऱ्या माणसाने आता सकाळी सहाला काय करायचे? ज्यांनी नोकरीत असताना बाग, खेळ, वाचन, समाजाचे एखादे काम यांच्याशी नाते जोडले होते, त्यांना उत्तर शोधावे लागले नाही. ज्यांच्या आयुष्यात कामाखेरीज काही नव्हते, त्यांना तो रिकामा वेळ ओझ्यासारखा होणार हे उघड आहे. उरलेल्या सोळा तासांत माणूस काय होतो, हेही कधीतरी हिशेबात येतेच.

दुसरी गोष्ट कंत्राटी कामगारांची. देशातील बहुतेक मोठ्या उद्योगांप्रमाणे येथेही पुष्कळशी कामे कंत्राटदारांमार्फत होतात. दर माणशी उत्पादनाचे आकडे वाचताना ही माणसे त्यात मोजली आहेत की नाहीत, हे विचारावेच लागते.

घरच्या पाळीला भोंगा नाही

कारखान्यातल्या माणसाला तीनपैकी एक पाळी असते. त्याच्या घरच्या गृहिणीला? नवरा ‘ए’ पाळीला, म्हणजे ती पहाटे चारला उठते. मुले शाळेला, म्हणजे पुन्हा डबे. दुपारी अडीचला गरम जेवण. दीर ‘बी’ पाळीचा असेल, तर रात्री अकराला परत ताटे. पुढच्या आठवड्यात पाळी बदलली, की सगळे वेळापत्रक नव्याने. तीन पाळ्यांचे काम ती एकटी करते आणि ‘सुटली’ असे सांगणारा भोंगा तिच्यासाठी वाजत नाही.

हे केवळ जमशेदपूरचे नाही. पुण्यात, नागपुरात, इंदुरात, बडोद्यातही हेच आहे. येथे ते भोंग्यामुळे अधिक स्पष्ट ऐकू येते इतकेच. गॅस आला, मिक्सर आला, कपडे धुण्याचे यंत्र आले. प्रत्येकाने वेळ वाचवला. पण वाचलेल्या वेळात बहुतेक घरांत आणखी एक भाजी वाढली, मुलांचा अभ्यास वाढला आणि अनेकींची नोकरीही. कारखान्यात यंत्र आले, तेव्हा वाचलेल्या तासांचा हिशेब मागायला संघटना होती. घरात तो कोणी मागत नाही. दुपारी दोनला घरी आलेल्या माणसाने संध्याकाळचा स्वयंपाक हाती घेतला, तर काय बिघडेल? आठ तासांचे तत्त्व दोराबजींच्या काळात एवढे पुढचे होते, मग ते कारखान्याच्या फाटकाशीच का थांबावे?

बदल होतही आहेत. ओझी वाहणाऱ्या बायकांना यंत्रे आणि वाहने चालवायला शिकवणारी ‘तेजस्विनी’ योजना येथे दोन दशकांपूर्वी निघाली. २०१९ मध्ये कंपनीच्या नोआमुंडी येथील लोहखाणीत स्त्रिया सर्व पाळ्यांत काम करू लागल्या. ज्या घरात दोघांनाही पाळ्या आहेत, त्या घरात तरी ‘आज स्वयंपाक कोणाचा?’ हा प्रश्न मोठ्याने विचारला जाईल, अशी आशा करायला हरकत नाही.

साकचीच्या आधीचे साकची

शहराबाहेर पडून दलमा डोंगराकडे निघाले, की अर्ध्या तासात वातावरण बदलते. संथाळ, हो, भूमिज यांची गावे लागतात. मातीची, सारवलेली घरे, भिंतींवर रेखाटलेली चित्रे, अंगणात वाळत घातलेले धान. कारखाना येण्यापूर्वी साकचीही अशीच होती. येथे कामाची वेळ भोंगा ठरवत नसे; पाऊस, पीक आणि जंगल ठरवत असे. मकरसंक्रांतीच्या सुमारास सुवर्णरेखेच्या काठी टुसूचे मेळे भरतात, तेव्हा सुगी आटोपलेली असते आणि कष्टांनंतरचा आनंद मोकळेपणाने साजरा होतो. नागपूरच्या गिरणीत गैरहजर राहणारा माणूस याच लयीत वाढलेला होता. त्याला आळशी म्हणणाऱ्यांना ही लय ठाऊक नव्हती.

गंमत अशी, की कारखान्यानेही या लयीला एक दिवस दिला आहे. १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा असते. त्या दिवशी यंत्रांना हार घातले जातात, अवजारे पुसून मांडली जातात. आपल्याकडच्या खंडेनवमीची आठवण व्हावी, असाच हा सोहळा. हातातले हत्यार एक दिवस खाली ठेवून त्याला नमस्कार करायचा, हे सांगायला व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकाची गरज पडली नाही.

कधी जाल, काय पाहाल?

जमशेदपूरला जाण्यासाठी ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो. मुंबई व नागपूरहून गीतांजली एक्स्प्रेस आणि हावडा मेल सोयीच्या आहेत. कोलकाता सुमारे अडीचशे किलोमीटरवर असून हावड्याहून स्टील एक्स्प्रेस मिळते. रांचीचा विमानतळ रस्त्याने सुमारे एकशे तीस किलोमीटरवर आहे. बिष्टुपूर आणि साकची भागांत सर्व प्रकारची हॉटेले आहेत.

ज्युबिली पार्क, प्राणिसंग्रहालय आणि सोनारीजवळचा दोमोहानी संगम एका दिवसात होतात. आदिवासी जीवनाची ओळख करून घ्यायची, तर सोनारीतील आदिवासी संस्कृती केंद्र जरूर पाहावे. दुसरा दिवस डिमना तलाव आणि दलमा अभयारण्यासाठी ठेवावा. शहरापासून सुमारे तेरा किलोमीटरवरचा डिमना तलाव पाणीपुरवठ्यासाठी बांधला गेला. आज ते सहलीचे आवडते ठिकाण आहे. दलमा हत्तींसाठी प्रसिद्ध आहे. तिसरा दिवस हाताशी असल्यास सुवर्णरेखेच्या काठावरचे घाटशिला गाठावे. ‘पथेर पांचाली’चे लेखक विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांचे घर तेथे आहे. रानात तासन्‌तास भटकणाऱ्या या लेखकाचा एखादा दिवस कोणत्या रकान्यात भरायचा, असा प्रश्न त्या अंगणात पडतो. त्या दिवशी काम झाले की नाही?

भोंग्याचा दुसरा अर्थ

भोंगा म्हटले, की कामावर बोलावणारा आवाज आठवतो. पण तो बोलावतो, तसाच सोडतोही. दोनचा भोंगा एका पाळीला ‘या’ म्हणतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या पाळीला ‘जा’ म्हणतो. आजच्या बऱ्याच नोकऱ्यांना हा दुसरा आवाजच उरलेला नाही. रात्री दहाला मोबाइलवर कचेरीचा निरोप येतो, रविवारी संगणक उघडला जातो आणि जेवताना नजर पडद्यावर असते. जमशेदपूरची तरुण मुलेही आता पुण्या-बंगळुरूला अशाच नोकऱ्या करतात. त्यांच्या पणजोबांना १९१२ मध्ये जे आठ तास मिळाले, ते त्यांच्या हातून कधी निसटले, हे त्यांनाही सांगता येणार नाही.

काम किती झाले, हे विचारायलाच हवे. त्यावाचून ना कारखाना चालतो, ना घर. मात्र त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारावेत : त्यासाठी किती आयुष्य खर्च झाले आणि वाचलेला वेळ कोणाच्या वाट्याला आला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर टनांत मिळते. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे संध्याकाळी ज्युबिली पार्कच्या हिरवळीवर बसलेल्या कुटुंबांकडे आणि त्याच वेळी घरी पोळ्या लाटत असलेल्या बाईकडे पाहूनच द्यावी लागतात.